कोऱ्या मशीनवरची रुजवात

सोमवार, ४ मार्च

डाव्या हातानं लिहितेय. मुंगीला शाई लावून कागदावर सोडावी तसं अक्षर येतंय. शनिवारी न्हाणीघरात पाय घसरला आणि सगळा भार उजव्या मनगटावर आला. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "डाव्या हाताला कामाला लावा. रोज चार ओळी लिहा." झाल्या चार.

मंगळवार, ५ मार्च

नवरा जहाजावर इंजिनियर आहे, अजून चार महिने पाण्यावरच असणार. परवा फोनवर त्याला बजावलं होतं, "मी बघते माझं." त्यानं फोन ठेवला तो लगेच त्याच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लावला. त्या उद्या येतायत. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आम्ही दोघी तीन दिवसांच्या वर कधी एका छपराखाली राहिलेलो नाही. भांडण नाही. भांडायलासुद्धा ओळख लागते.

गुरुवार, ७ मार्च

आई काल आल्या. आल्या आल्या ओट्यावरचे डबे हाताशी येतील असे खाली काढून ठेवले आणि मला म्हणाल्या, "तू तुझं काम कर, माझी अडचण वाटून घेऊ नकोस." मग दिवसभर एवढ्या हळू चालल्या की मलाच अडचण वाटायला लागली.

कामाचं मात्र अवघड झालंय. आमची कंपनी प्रोग्रामर लोकांसाठी एक साधन बनवते. ढिगानं पडलेल्या फायली वाचायच्या, लावायच्या, नकोशा काढायच्या. ते कसं वापरायचं हे मी लेख लिहून सांगते. लेखात कोड असतो आणि वाचणारा तो जसाच्या तसा उचलून आपल्या मशीनवर चालवतो. मेच्या सुरुवातीला नवी आवृत्ती येतेय. तोवर दर बुधवारी एक, असे आठ लेख जायचे आहेत. आमच्या साहेबांना (मी त्यांना मनात घाईसाहेब म्हणते) मी फोनवर सांगून बसलेय की एका हातानं जमवीन. एका हातानं आज दिवसभरात अकरा ओळी झाल्या आणि खांदा भरून आला. बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. मी म्हटलं "कंस उघड", त्यानं इमानेइतबारे छापलं, "कंस उघड".

दारातून आवाज आला, "मी टाइप करू का?"

मला विसरच पडला होता. आई एका कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखिका होत्या.

शुक्रवार, ८ मार्च

त्यांची बोटं बघत बसावं अशी आहेत. मान ताठ, नजर समोर, खाली बघतच नाहीत. मी सांगायचं, त्यांनी उमटवायचं. साध्या मजकुरात मीच मागे पडले. कोड आला तशा अडखळल्या.

"हा कुठला कंस?"

"महिरपी."

"आमच्या यंत्रावर याला कळच नव्हती." शोधून काढला, दाबला, आणि पडद्यावर उमटल्यावर मान जरा तिरपी करून बघितला. "छान दिसतो की."

पहिलाच नमुना चालवला तर चूक. दुसरा चालवला तर तीच चूक. बघते तर प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या ओळीआधी पाच जागा सोडलेल्या आणि पुढच्या ओळींना मी सांगितल्या तशा चार. म्हटलं, "आई, इथे पाच का?"

"परिच्छेदाला पाच. नियम आहे."

"इथे सगळीकडे चारच लागतात. एक जरी कमीजास्त झाली तर हे चालत नाही."

मला वाटलं, वाईट वाटेल. त्यांचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे इथे रिकाम्या जागेचीसुद्धा चूक धरतात! आमच्या कचेरीतल्या मोठ्या बाई असत्या तर त्यांना हे फार आवडलं असतं."

मंगळवार, १२ मार्च

लेख पूर्ण झाला. मी पाठवायला घेतला तर आई म्हणाल्या, "रुजवात?"

कचेरीत टाइप झालेला कागद तसाच सहीला जात नसे. एकीनं मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं मुळाशी ताडून बघायचा. त्याला रुजवात म्हणत. मी म्हटलं, मूळ माझ्या डोक्यात आहे, आणि कोड मी माझ्या मशीनवर चालवून पाहिलाय.

"तुझ्या मशीनवर. वाचणाऱ्याच्या घरी तू असणार आहेस का?"

कपाटातून नवऱ्याचा जुना लॅपटॉप काढला, सगळं पुसून कोरा केला. आईंसमोर लेख ठेवला आणि सांगितलं की यात लिहिलंय तेवढंच करायचं, मला काही विचारायचं नाही. त्यांनी चष्मा लावला. मी पलंगावर बसून भिंतीकडे बघत राहिले, तोंड उघडायचं नाही म्हणून ओठ दाबून.

चौथ्या मिनिटाला मशीन अडलं. "'नमुने' नावाच्या फोल्डरमध्ये जा, असं लिहिलंयस. तो मी तयार करायचा होता का? मग तसं सांगायला नको?"

माझ्या मशीनवर तो फोल्डर तीन वर्षं पडून आहे. मला तो दिसतही नाही आता.

असे सहा खड्डे निघाले. गेल्या दोन वर्षांत मी सत्तरेक लेख लिहिलेत. त्यात काय काय असेल, या विचारानं जेवण गेलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

पहिला लेख गेला. एका वाचकानं लिहिलंय, "पहिल्यांदाच असं झालं की लेखात सांगितलेलं पहिल्या फटक्यात चाललं." आईंना वाचून दाखवलं. "हो का," म्हणाल्या आणि उगाचच खिडकी पुसायला गेल्या.

संध्याकाळी त्या गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. कान देऊन ऐकलं नाही, पण कानावर पडलं. "छे गं, कसली येतेय! अडकलेय पुरती. दर बुधवारी लेख बाहेर पडायलाच लागतो, आणि माझ्या हाताखालून गेल्याशिवाय ती पाठवतच नाही."

किती कंटाळल्या असतील. हात लवकर बरा व्हायला हवा.

रविवार, २४ मार्च

विशेष काही नाही. प्लास्टरच्या आत खाज सुटते, तेव्हा देव आठवतो. आईंनी स्वतःसाठी एक वही आणलीय. विचारलं तर म्हणाल्या, "असंच, सामान लिहायला." सामानाची वही एवढी लपवायची कशाला, कोण जाणे.

गुरुवार, २८ मार्च

एका हातानं वेणी घालता येत नाही. इतके दिवस केस कसेबसे चापात कोंबत होते. आज आईंनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस इथे. बघवत नाही."

बसले. त्यांनी गुंता सोडवायला खालून सुरुवात केली. माझी आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा कंगवा लागला नव्हता. बोलायचं तर आवाज ताब्यात हवा.

त्याच बोलल्या. "ते परवा टाइप केलं, लूप. ते नक्की काय असतं?"

मी म्हटलं, "तेच तेच पुन्हा करायचं, एखादी अट पुरी होईपर्यंत."

"म्हणजे ही वेणी. डावा पेड मधे, उजवा पेड मधे, केस आहेत तोवर."

"हो."

"आणि केस संपले हे सांगितलंच नाही मशीनला, तर?"

"तर ते गुंफतच बसतं. अडकतं."

"बिचारं," आई म्हणाल्या आणि टोकाला रबर लावला.

कालचा लेख बाहेर गेलाच होता, तरी मी त्यात परत जाऊन लूपच्या भागात वेणी घातली. घाईसाहेबांनी विचारलं, हे कुठून सुचलं? सांगितलं, डोक्यातून. खोटं काय त्यात?

बुधवार, ३ एप्रिल

आज मी वाईट वागले. लिहून ठेवते म्हणजे नंतर सारवासारव करता येणार नाही.

चौथा लेख जुन्या फायली काढून टाकण्यावर होता. एका फोल्डरचं नाव द्यायचं आणि कोड त्यातल्या तीस दिवसांहून जुन्या फायली पुसणार. घाईसाहेबांचे सकाळपासून तीन फोन. वरच्यांना पाचच्या आत हवाय. हात ठणकत होता. चार वाजता शेवटची ओळ झाली आणि आईंनी कोरं मशीन पुढ्यात ओढलं.

"आज राहू दे," मी म्हटलं.

"दहा मिनिटं लागतील. मला एवढंच कळत नाहीये, इथे नावाची जागा रिकामी ठेवलीयस ना. वाचणारा भरायला विसरला, तर कुठलं खोकं रिकामं होईल?"

"आई, वाचणारे प्रोग्रामर आहेत. टायपिस्ट नाहीत."

तोंडातून गेलं ते गेलं. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले. "बरं," म्हणाल्या. मशीनचं झाकण अगदी अलगद मिटलं.

लेख पाच वाजायला सात मिनिटं असताना गेला. जेवताना त्या नेहमीसारख्याच बोलल्या. आपटलं असतं काही, तर बरं झालं असतं.

रविवार, ७ एप्रिल

सकाळी एका मुलीची मेल आली. विद्यार्थिनी आहे. पक्ष्यांच्या आवाजांवर अभ्यास करतेय. जानेवारीपासून रोज पहाटे उठून आवाज टिपत होती. माझा लेख वाचून तिनं कोड चालवला, फोल्डरचं नाव भरायचं राहिलं. नाव रिकामं असलं की तो कोड ज्या फोल्डरमध्ये उभा असतो, तोच साफ करतो. तिच्या सगळ्या फायली तिथेच होत्या. तीस दिवसांहून जुनं जे होतं ते गेलं. सगळी थंडी गेली.

तिनं लिहिलंय, "बहुतेक माझंच चुकलं असेल, मी नवीन आहे. फक्त परत मिळवायचा काही उपाय असला तर सांगाल का?"

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे "माझंच चुकलं असेल" मी दिवसभर पुन्हा पुन्हा वाचतेय. तिला लगेच कळवलं की ते मशीन अजिबात वापरू नकोस, बंद करून ठेव, म्हणजे पुसलेल्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही. घाईसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "गुपचूप दोन ओळी बदलून टाक. कोण बघतंय?"

आईंना सांगितलं नाही. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या.

सोमवार, ८ एप्रिल

सांगितलं. चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवताना एका दमात सांगून टाकलं आणि वाट बघत उभी राहिले. "मी म्हटलं होतं" हे शब्द येणार, आणि यायलाच हवेत.

त्यांनी विचारलं, "घरी आहे का गं ती मुलगी? की वसतिगृहात? जवळ आहे ना कुणी?"

मला रडू आलं. मग त्यांनी मला बसवलं आणि त्यांच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट सांगितली. एका शिपायानं आजारी बायकोला घरच्यांचा आधार मिळावा म्हणून गावाजवळ बदली मागितली होती. आदेश होता, "नामंजूर करण्यात येत आहे." यांच्या हातून "ना" गळला. त्या दिवशी रुजवातीला जोडीदारीण रजेवर होती, म्हणून यांनी एकटीनंच कागदावरून नजर फिरवली होती. तो माणूस सामान बांधून बसला. चार दिवसांनी शुद्धिपत्र निघालं.

"मग?"

"मग मी त्याच्या घरी गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, शुद्धिपत्र गेलंय, तुझं जायचं काही कारण नाही. पण कागदाकडे कागद जातो गं. माणसाकडे माणसानंच जायला हवं."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. ते पिणं फार अवघड गेलं."

बदली पुढे कधी झाली का, हे मी विचारलं नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

शुद्धिपत्र लिहायला बसलो. मी सुरुवात केली, "वाचकांना झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर..." कळांचा आवाज थांबला.

"हे आमच्या कचेरीसारखं झालं. तू बोल."

तीन वेळा खोडून हे झालं:

"या लेखातला कोड मी नीट तपासला नव्हता. फोल्डरचं नाव रिकामं राहिलं तर तो समोरच्या सगळ्या जुन्या फायली पुसत होता. हे होऊ शकतं का, असं मला लेख जाण्याआधी एका माणसानं विचारलं होतं. मी घाईत त्यांचं ऐकलं नाही. एका वाचकाच्या दोन महिन्यांच्या कामाचं त्यात नुकसान झालं आहे. चूक तिची नव्हती, माझी होती. आता कोड बदलला आहे. नाव नसेल तर तो काहीही न करता थांबतो, आणि पुसण्याआधी काय पुसणार त्याची यादी दाखवून विचारतो. तुमच्यापैकी आणखी कुणाचं काही गेलं असेल, तर मला लिहा. मी तुमच्यासोबत बसेन."

"एका माणसानं" टाइप करताना आई किंचित थांबल्या. "हे कशाला?"

"खरं आहे म्हणून."

त्यांनी पुढचं टाइप केलं. नंतर कोऱ्या मशीनवर नाव न भरता मुद्दाम चालवून बघितलं. मशीन थांबलं. नाव द्या, म्हणालं. "शहाणं झालं," आई म्हणाल्या. मी ते लेखाच्या अगदी वर, ठळक लावलं.

घाईसाहेब तासाभरानं कडाडले. उरलेली मालिका दुसऱ्या कुणाकडे द्यावी का, याचा विचार चाललाय म्हणे. करोत विचार.

गुरुवार, ११ एप्रिल

आजचा दिवस त्या मुलीबरोबर गेला. व्हिडिओवर ती तिकडे, आम्ही दोघी इकडे. पुसलेल्या फायली शोधणारा एक प्रोग्राम मी तिला दुसऱ्या मशीनवरून लावायला सांगितला. एकेक करत फायली वर यायला लागल्या, नावं मात्र गेलेली. मग ती प्रत्येक आवाज लावायची, ओळखायची, आणि आई यादी टाइप करायच्या. सुतारपक्षी, सकाळ. घुबडाची जोडी. पाऊस, पक्षी नाही. काही आवाज नुसतेच खरखरायचे.

एकदा एक लांब, चढत जाणारी शीळ आली. मुलगी ओरडलीच, "हा! हा मला अजून ओळखता आलेला नाही. पाण्याच्या टाकीजवळचा!"

आईंनी टाइप केलं, "अनोळखी, टाकीजवळ." मग म्हणाल्या, "परत लाव बघू." तीनदा ऐकला.

साठातले एकेचाळीस परत आले. एकोणीस गेलेच. फोन ठेवताना मुलगी म्हणाली, "त्या बाजूच्या कोण आहेत?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "मी टायपिस्ट."

माझ्याकडे न बघता म्हणाल्या. रागानं नाही, साधंच. तरीही आत कुठेतरी लागलं. मी त्यांची माफी मागितली, त्याच खुर्चीत, मुलीचा चेहरा पडद्यावरून जायच्या आधी. त्या म्हणाल्या, "अगं, मग? आहेच की मी टायपिस्ट. चांगली आहे."

सोमवार, १५ एप्रिल

प्लास्टर निघालं. आतला हात माझा वाटेना, पांढरा, सुकलेला, सोलल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर कोमट पाण्यात व्यायाम, मग हळूहळू टाइप करायला हरकत नाही. घरी आल्या आल्या आई पातेल्यात पाणी घेऊन बसल्या, माझ्या मुठीत स्पंज दिला आणि वरून आपला हात धरला. "दाब. अजून. मला कळू दे."

घाईसाहेबांचा फोन. मालिका माझ्याकडेच राहतेय. शुद्धिपत्राखाली दोनशेच्या वर लोकांनी लिहिलंय, त्यात वरच्या मोठ्या साहेबांच्या ओळखीचे निघाले. आता फर्मान आहे की सगळ्यांचेच लेख कुणीतरी कोऱ्या मशीनवर चालवून पाहिल्याशिवाय जायचे नाहीत. "तुमचा तो तपासणारा माणूस कोण?" विचारत होते. म्हटलं, एक अनुभवी बाई आहेत, एकतीस वर्षांचा अनुभव. "आपल्याला परवडतील का?" म्हणाले. आईंना सांगितलं तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

मंगळवार, २३ एप्रिल

आई फिरायला गेल्या होत्या तेव्हा गुपचूप टाइप करून पाहिलं. जमतंय. करंगळी जरा मागे राहते, बाकी सगळी बोटं सुतासारखी सरळ. पण दोनच लेख उरलेत. एक घडी बसलीय, ती उगाच कशाला मोडा. शिवाय घाई केलेली बरी नाही. म्हणून अजून बोलले नाही. ही वहीसुद्धा डाव्यानंच लिहितेय, सवय म्हणून.

दुपारी आईंनी बरणी पुढे केली. "झाकण माझ्याच्यानं उघडत नाही गं." मी बोलण्याच्या नादात उजव्या हातानं फिरवून उघडून दिली आणि मग जीभ चावली. सुदैवानं त्यांचं लक्ष नव्हतं. बरणी घेतली, परत जागेवर ठेवली. आतलं काही काढलं मात्र नाही. विसरल्या असतील.

हल्ली त्यांचा टायपिंगचा वेग उतरलाय. जो मजकूर दुपारपर्यंत व्हायचा त्याला आता दीड दिवस लागतो. मधेच थांबून विचारतात, "हे परत सांग बघू." वय होतंय. मीही घाई करत नाही.

गुरुवार, २ मे

आठवा लेख काल गेला. नवी आवृत्तीही आली. कोऱ्या मशीनवर शेवटचा नमुना चालला तेव्हा आईंनी पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचली, "काम पूर्ण झाले." मग चष्मा पुसत बसल्या.

"हात बरा आहे ना आता?"

"आहे तसा."

"मग मी शनिवारी निघते. घर बंद ठेवलं की घराला वास लागतो."

मी "हं" म्हटलं. थांबा म्हणावंसं वाटत होतं. पण दोन महिने अडकून पडलेल्या बाईला आणखी काय अडकवायचं?

शनिवार, ४ मे

गेल्या. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बस सुटताना काचेतून काहीतरी म्हणाल्या, ऐकू आलं नाही. मी मान हलवली. कशाला हो म्हटलं, देवालाच ठाऊक.

त्यांची वही पलंगावर राहिलीय. उघडू नये हे कळत होतं, तरी उघडली. सामानाची यादी कुठेच नाही. पहिल्या पानापासून कोड. माझ्या प्रत्येक लेखातला नमुना हातानं उतरवलेला, ओळीखाली ओळ, आणि बाजूला बारीक अक्षरात त्यांचं. "इथे चार जागा." "हा कंस कुठे मिटतो ते आधी बघणे." "लूप: वेणी." शेवटच्या पानावर एक छोटा प्रोग्राम, माझ्या कुठल्याच लेखात नसलेला. मी तो कोऱ्या मशीनवर चालवला. चालला. आजपासून माझ्या नवऱ्याचं जहाज लागेपर्यंतचे दिवस मोजत होता.

टाइप कधी केला असेल, की नुसता डोक्यात चालवून पाहिला? मुलाची फार आठवण येत असणार.

आता डाव्या हाताचं सोंग कुणासाठी? उजव्यानं लिहितेय.

गुरुवार, १६ मे

नवा लेख एकटीनं लिहिला. दोन्ही हातांनी, भराभर. कोऱ्या मशीनवर चालवला, चालला. तरीही पाठवावासा वाटेना.

आईंना फोन केला, वही राहिलीय म्हणून. "राहू दे तिथेच," म्हणाल्या. मग, "मशीन कोण चालवतं आता?"

"मीच."

"तूच लिहायचं आणि तूच चालवायचं? मग ते कोरं कसलं?"

मग त्यांनी त्यांच्याकडच्या उकाड्याचं सांगितलं. मी माझ्याकडच्या उकाड्याचं सांगितलं.

शनिवार, १८ मे

सकाळची बस धरली. कळवलं नव्हतं. म्हटलं, निमित्त काय सांगायचं, वही द्यायला आले म्हणू. दोन दिवसांचे कपडे, मशीन, वही. अकरा वर्षांत या घरी मी एकटी अशी कधीच आले नव्हते. दरवेळी नवऱ्याच्या मागून, पाहुण्यासारखी.

बेल वाजवली. आईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या बसनं आलीस? मला वाटलं दुपारची धरशील."

त्यांना कसं कळलं, कोण जाणे. बहुतेक नवरा बोलला असेल, पण त्यालाही मी सांगितलं नव्हतं.

खिडकीजवळचं टेबल रिकामं केलेलं होतं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या. कोपऱ्यात इंटरनेटचं नवंकोरं यंत्र लुकलुकत होतं. विचारलं, हे कधी घेतलंत? "शेजारणीला हवं होतं, म्हणून घेतलं," म्हणाल्या. पाच मिनिटांनी शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तर तिला त्याचा पत्ताच नव्हता. आई तिला साखर देऊन घाईघाईनं दारापर्यंत पोचवून आल्या.

मी म्हटलं, "दोनच दिवसांसाठी आलेय हं, आई. सोमवारी निघीन."

"हो गं. तुझी कामं असतात, मला कळत नाही का?" त्या म्हणाल्या. "आधी कपडे ठेव जा, मग बसू. काय लिहिलंयस ते बघायचंय मला."

आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. चार कप्प्यांपैकी दोन रिकामे, पुसून, कागद घालून ठेवलेले. माझे दोन दिवसांचे कपडे मी वरच्या कप्प्यात ठेवले. खालचा तसाच राहिला. एवढी जागा कशाला लागणार होती, म्हणून बाहेर सांगायला आले, तर त्या चष्मा लावून माझ्या खुर्चीवरची उशी नीट करत होत्या.

मशीन टेबलावर ठेवलं. बसले.